ताणलेले रबर आणि ध्रुवीकृत प्रकाश: रंग ताणाचा की रेणूच्या ठेवणीचा?

ध्रुवरेषा (धागाकर्ता)

दोन ध्रुवक (प्रकाशाचे एकाच दिशेतले कंपन पुढे जाऊ देणारे पडदे) एकमेकांशी काटकोनात ठेवले की त्यांतून प्रकाश पलीकडे जात नाही. मध्ये पारदर्शक रबराची न ताणलेली पट्टी सरकवली तरी अंधार तसाच राहतो. तीच पट्टी ध्रुवकांच्या अक्षांशी ४५ अंशांत धरून ताणली, तर आधी करडा, मग पांढरट, पिवळा, तांबडा, जांभळा आणि निळा असे रंग क्रमाने उमटतात आणि पट्टी सोडताच मावळतात. याचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी ‘ताणामुळे द्विअपवर्तन होते’, म्हणजे पदार्थाला दोन दिशांना दोन वेगळे अपवर्तनांक येतात, एवढ्यावरच थांबते. वाक्य खरे आहे, परंतु त्यातून असा समज होतो की प्रकाश थेट ताण मोजत आहे. प्रत्यक्षात प्रकाशाला ताणाचा पत्ताच नसतो. त्याला फक्त साखळ्यांचे दुवे कोणत्या दिशेला किती कलले आहेत तेवढे कळते. ताण आणि कल यांच्यात जो स्थिरांक बसतो तो पूर्णपणे रेणूच्या रचनेवर अवलंबून असतो. त्याची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

इतिहास थोडक्यात सांगतो. दाबलेल्या काचेत आणि प्राणिज जेलीत हा परिणाम डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास नोंदवला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५० मध्ये, वयाच्या विशीच्या आत, घन पदार्थांच्या स्थितिस्थापकत्वावरील आपल्या निबंधासाठी जिलेटिनमधील हेच रंग वापरले. त्या काळी बहुवारिकाची (पॉलिमरची) लांब रेणुसाखळी ही कल्पनाच नव्हती, म्हणून स्थिरांक कोठून येतो हा प्रश्न जवळजवळ शतकभर तसाच राहिला. उत्तर १९४२ मध्ये वेर्नर कून आणि एफ. ग्रून यांनी दिले, आणि व्हल्कनाइज्ड (गंधकाने पक्क्या केलेल्या) रबरावर ते काटेकोरपणे पडताळून पाहण्याचे काम एल. आर. जी. ट्रेलोअर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले.

कून आणि ग्रून यांची मांडणी अशी. रबर म्हणजे आडबंधांनी (साखळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बंधांनी) बांधलेले साखळ्यांचे जाळे. जाळ्यातील दोन आडबंधांमधली साखळी म्हणजे एकमेकांना सैल जोडलेल्या सारख्या दुव्यांची माळ. प्रकाशाच्या विद्युत क्षेत्रात प्रत्येक दुव्यातील इलेक्ट्रॉन थोडे सरकतात, पण दुव्याच्या लांबीच्या दिशेने ते जितके सहज सरकतात तितके आडव्या दिशेने सरकत नाहीत, किंवा याच्या उलट. या दोन ध्रुवीभवनक्षमतांमधला फरक हा सगळ्या विषयाचा कणा आहे. न ताणलेल्या जाळ्यात दुवे सर्व दिशांना सारखे विखुरलेले असल्याने हे फरक एकमेकांना खोडून काढतात आणि पदार्थ समदिक् (सर्व दिशांना सारखा) राहतो. जाळे ताणले की दुवे ताणाच्या दिशेला किंचित अधिक झुकतात, खोडाखोडी अपुरी राहते आणि दोन दिशांना दोन वेगळे अपवर्तनांक मिळतात.

‘किंचित’ हा शब्द येथे जपून वापरला आहे. आडबंधांमधल्या साखळीत सुमारे ७० दुवे आहेत असे धरू आणि पट्टी दुप्पट लांब करू. या सिद्धांतानुसार दुव्यांचा सरासरी कल पूर्ण समांतर मांडणीच्या केवळ १ टक्का इतकाच निघतो. पट्टी डोळ्यांदेखत दुप्पट होते, पण आतले दुवे जवळपास पूर्वीइतकेच विस्कळीत असतात. एवढ्या १ टक्क्यावर डोळ्यांना सहज दिसणारे रंग उमटतात.

आता यातील सर्वांत सुंदर भाग. ताणगुणोत्तर (ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी) ‘ल’ मानले, तर रबरातील प्रत्यक्ष प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरचे बळ) हे साखळ्यांची संख्या, तापमान आणि (ल² − १/ल) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. द्विअपवर्तन हे साखळ्यांची संख्या, दुव्याच्या ध्रुवीभवनक्षमतेतील फरक आणि त्याच (ल² − १/ल) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. एकाला दुसऱ्याने भागले की साखळ्यांची संख्या उडते आणि ‘ल’ सुद्धा उडतो. मागे उरतात फक्त दुव्याचा विषमदिक्पणा (ध्रुवीभवनक्षमतेतला तो दिशेनुसारचा फरक), सरासरी अपवर्तनांक आणि तापमान. म्हणजे तेच रबर अधिक गंधक घालून, अधिक आडबंध पाडून कडक केले, तर तेवढ्याच लांबीला प्रतिबलही वाढेल आणि रंगही पुढे सरकेल, पण त्यांचे गुणोत्तर हलणार नाही. ट्रेलोअर यांच्या मोजमापांत मध्यम ताणापर्यंत असेच आढळले.

या गुणोत्तराला प्रतिबल-प्रकाशीय स्थिरांक म्हणतात आणि त्याचे सोयीचे एकक आहे ब्रूस्टर. १ मेगापास्कल प्रतिबलाखालील १ मिलिमीटर जाडीतून जाताना दोन घटककिरणांत १ नॅनोमीटरचा मार्गफरक पडला, तर तो पदार्थ १ ब्रूस्टरचा. साध्या प्रकाशीय काचेचा स्थिरांक सुमारे ३, सिलिकोन रबराचा सुमारे १५० आणि नैसर्गिक रबराचा सुमारे २०००. वरच्या उदाहरणात मूळ १ मिलिमीटर जाडीची पट्टी दुप्पट ताणल्यावर ०.७ मिलिमीटर उरते. प्रतिबल १ मेगापास्कलच्या आसपास धरले तर नैसर्गिक रबरात मार्गफरक १४०० ते १५०० नॅनोमीटर येतो, म्हणजे रंगांची तिसरी फेरी सुरू झालेली असते. तितक्याच कडक सिलिकोनमध्ये तो जेमतेम १०० नॅनोमीटर येतो आणि पट्टी फक्त करडी दिसते. काचेवर तेवढेच प्रतिबल असेल तर २ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसणार नाही. प्रतिबल तिन्ही ठिकाणी एकच आहे, तरी रंगांत असा जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रेणूच्या रचनेचा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो तो बेन्झीन वलयाच्या बाबतीत. वलयाच्या प्रतलात इलेक्ट्रॉन मोकळेपणाने सरकतात, प्रतलाला लंब दिशेत तसे नाही. पॉलिकार्बोनेटमध्ये ही वलये साखळीच्या कण्यातच गुंफलेली असतात, त्यामुळे साखळीच्या दिशेची ध्रुवीभवनक्षमता वाढते आणि स्थिरांक मोठा व धन येतो. पॉलिस्टायरीनमध्ये तेच वलय कण्याला बाजूने लटकलेले असते आणि त्याचे प्रतल कण्याला बरेचसे आडवे असते. म्हणून तेथे आडवी दिशा वरचढ ठरते आणि काच-संक्रमणाच्या (काचेसारखा कडक पदार्थ ज्या तापमानाला मऊ होतो त्याच्या) वरच्या तापमानाला स्थिरांक उणे ४००० ते उणे ५००० ब्रूस्टर इतका निघतो. वलय तेच, पण त्याची जागा बदलताच चिन्ह उलटते.

रेणूचा हा विषमदिक्पणा मोजण्याच्या कामात भारताचाही वाटा आहे. चं. व्यं. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये १९२७-२८ च्या सुमारास विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून बेन्झीनसारख्या रेणूंच्या वेगवेगळ्या दिशांच्या ध्रुवीभवनक्षमता काढल्या, आणि वाहत्या द्रवातील द्विअपवर्तनाचा सिद्धांतही १९२८ मध्ये मांडला. कून यांच्या जाळ्याला जो आकडा लागतो, तो मिळवण्याची पद्धत अशी आधीच तयार होती.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः हा नियम कोठे मोडतो याविषयी वाचायला आवडेल.

साचेकार

विषय माझ्या रोजच्या कामाशी निगडित आहे. आमच्या मोल्डिंग विभागात पॉलिकार्बोनेटची भिंगे आणि पॉलिस्टायरीनची पारदर्शक झाकणे निघतात, आणि प्रत्येक लॉटमधील काही नग आम्ही ध्रुवकांमध्ये धरून पाहतो. गेटजवळ (साच्यात गरम प्लॅस्टिक शिरते त्या तोंडाजवळ) रंगपट्टे दाट दिसले की पॅकिंग प्रेशर (साचा भरल्यावर दिलेला दाब) कमी करणे, मोल्डचे तापमान वाढवणे किंवा नग ॲनील करणे (काही वेळ गरम ठेवून आतले प्रतिबल सैल करणे) असे ठरलेले उपाय करतो.

परंतु धाग्यातील आकडे आमच्या तक्त्यांशी जुळत नाहीत. पॉलिकार्बोनेटसाठी आम्ही ८० च्या आसपास ब्रूस्टर वापरतो, हजारांत नाही. पॉलिस्टायरीनसाठी तर १० च्या आसपास, आणि तेही धन. ‘उणे ५०००’ हा आकडा मग कोणत्या पदार्थाचा? शिवाय ॲनील केल्यावर काही नगांतले रंग जातात, तर काहींतले तसेच राहतात, याचे कारणही मला आजवर समाधानकारक मिळालेले नाही.

ध्रुवरेषा

साचेकारजी, दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि पदार्थही तोच आहे. फरक त्याच्या अवस्थेत आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघते.

पॉलिस्टायरीनचे काच-संक्रमण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. त्याच्या वर साखळ्या हलू शकतात, आणि तेथे प्रतिबल म्हणजे ताणल्यामुळे साखळ्यांची घटलेली एन्ट्रॉपी (विस्कळीतपणा). अशा प्रतिबलाला फार थोडे बळ लागते, पण दुव्यांचा कल त्या मानाने बराच होतो, म्हणून प्रत्येक मेगापास्कलमागे द्विअपवर्तन हजारो ब्रूस्टरच्या हिशेबाने येते. आडबंध असोत किंवा साखळ्यांचे नुसते गुंते असोत, हिशेब जवळपास सारखाच राहतो, म्हणून वितळलेल्या बहुवारिकालाही हे लागू पडते.

संक्रमणाच्या खाली साखळ्या जागच्या जागी गोठलेल्या असतात. तुम्ही थंड नग वाकवला तर संपूर्ण दुवा वळत नाही; बंधांचे कोन किंचित बदलतात, शेजारच्या गटांमधली अंतरे बदलतात, बाजूचे वलय आपल्या जागी थोडेसे फिरते. याला बळ पुष्कळ लागते आणि ध्रुवीभवनक्षमतेत फरक थोडा पडतो, म्हणून स्थिरांक दहा किंवा ऐंशी ब्रूस्टर इतका लहान निघतो. हालचालच निराळी असल्याने त्याचे चिन्ह कल-जन्य स्थिरांकाशी जुळलेच पाहिजे असे बंधन नाही. पॉलिस्टायरीनमध्ये ते जुळत नाही.

टी. इनोउए, एच. ओकामोतो आणि के. ओसाकी या जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये पॉलिस्टायरीनला संक्रमणाच्या आसपास वेगवेगळ्या वारंवारतांनी डोलवून प्रतिबल आणि द्विअपवर्तन एकाच वेळी मोजले. दोन्ही राशी ‘रबरी’ आणि ‘काचरूप’ अशा दोन भागांच्या बेरजा आहेत आणि प्रत्येक भागाला त्याचा स्वतंत्र स्थिरांक आहे, असे त्यांनी दाखवले. एकाच स्थिरांकाचा साधा नियम ज्या पट्ट्यात कोलमडतो, तेथे हा दोन भागांचा नियम टिकतो.

आता तुमच्या ॲनीलिंगविषयी. मोल्डिंगमध्ये गरम बहुवारिक गेटमधून जोरात वाहताना साखळ्या ताणल्या जातात आणि साच्याच्या भिंतीला टेकताच त्या कलासकट गोठतात. हा गोठलेला कल. त्यानंतर नग असमान थंड होतो आणि त्यात काचरूप प्रतिबल अडकते. पॉलिकार्बोनेट १२० ते १२५ अंशांना ठेवले की दुसरा भाग बराचसा सैल होतो, कारण त्याला थोडी स्थानिक हालचाल पुरते. पहिला भाग मात्र संक्रमणाच्या, म्हणजे सुमारे १४७ अंशांच्या, वर गेल्याशिवाय सुटत नाही, आणि तेथे गेल्यावर नगाचा आकारच जातो. ज्या नगांतले रंग ॲनीलिंगनंतरही राहतात, त्यांत बहुधा गोठलेला कल आहे. एक तुकडा कापून संक्रमणाच्या वर तापवून पाहा. तो प्रवाहाच्या दिशेने आखडला तर शंका उरणार नाही.

रबरमळा

आमच्याकडे दोडामार्ग भागात रबराची लागवड आहे, त्यामुळे चीक, शीट आणि धुरी हे शब्द ओळखीचे, पण हा विषय नवा. एक विचारतो. कच्चे किंवा हलके व्हल्कनाइज्ड रबर खूप ताणले की ते हाताला एकदम कठीण लागते, ओठांना लावले तर गरमही लागते. त्या टप्प्यावर प्रकाशाचे गणित तेच राहते का? आणि नैसर्गिक रबर व गटापर्चा (झाडाच्या चिकापासूनच मिळणारा, पण कडक पदार्थ) यांचे रासायनिक सूत्र एकच आहे असे वाचले आहे. मग प्रकाशाला त्यांच्यातला फरक दिसतो का?

अनुमेय

हे उत्तर मी अमेरिकेतील ॲक्रनहून लिहीत आहे. येथे रबराचा अभ्यास फार जुना आहे आणि धाग्यात विचारलेल्या ‘नियम कोठे मोडतो’ या प्रश्नावर येथेही मोलाचे काम झाले आहे.

आधी रबरमळा यांचा प्रश्न. तुम्हाला जाणवणारा कठीणपणा आणि उष्णता यांचे एक मोठे कारण स्फटिकीभवन आहे. ताणलेल्या रबरातून क्ष-किरण पाठवले असता स्फटिकासारखे ठिपके मिळतात, हे जे. आर. काट्झ यांनी १९२५ मध्ये दाखवले. नेहमीच्या व्हल्कनाइज्ड नैसर्गिक रबरात खोलीच्या तापमानाला मूळ लांबीच्या सुमारे चौपट ताणानंतर हे सुरू होते. स्फटिकातले दुवे १ टक्का कललेले नसतात, ते जवळजवळ पूर्ण समांतर असतात. त्यामुळे स्फटिकांचे प्रमाण थोडे असले तरी द्विअपवर्तन झपाट्याने वाढते. दुसरीकडे, साखळीचा काही भाग स्फटिकात सरळ होऊन बसल्यामुळे उरलेल्या भागावरचा ताण काहीसा हलका होतो. एक राशी वर जाते आणि दुसरी तितकी जात नाही, म्हणून स्थिरांक स्थिर राहत नाही. सोडताना स्फटिक लगेच वितळत नाहीत, ते सुमारे तिप्पट लांबीपर्यंत टिकतात. म्हणून ताणतानाचा आणि सोडतानाचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. माझ्या मते स्फटिकीभवन पकडायला क्ष-किरणांनंतर हीच सर्वांत सोपी पद्धत आहे, आणि तिला खर्चही नगण्य येतो.

जेथे स्फटिक होतच नाहीत अशा जाळ्यांतही मोठ्या ताणाला नियम मोडतो, पण विरुद्ध बाजूला. साखळी पूर्ण सरळ होण्याच्या जवळ आली की प्रतिबल बेसुमार वाढते, कारण आता ताणायला जागाच उरलेली नसते. द्विअपवर्तनाला मात्र कमाल मर्यादा आहे: सगळे दुवे समांतर झाले की त्यापुढे काय वाढणार? म्हणून गुणोत्तर घसरत जाते. स्फटिकीभवनात ते चढते, येथे उतरते, आणि त्यावरून पदार्थात नेमके काय चालले आहे हे ओळखता येते.

गटापर्चाविषयी: दोन्ही पॉलिआयसोप्रीनच आहेत. नैसर्गिक रबरात दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंची साखळी एकाच अंगाला असते, गटापर्चात विरुद्ध अंगांना. त्यामुळे गटापर्चाची साखळी अधिक सरळ चालते, तिचा दुवा लांब पडतो आणि दुव्याचा विषमदिक्पणाही वाढतो. गटापर्चा आडबंध पाडून त्याच्या स्फटिकांच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा अधिक तापमानाला मोजला, तर त्याचा स्थिरांक नैसर्गिक रबरापेक्षा स्पष्टपणे मोठा येतो. अणू तेच आणि तितकेच, तरी प्रकाशाला त्यांच्यातला फरक दिसतो.

आता कून-ग्रून मांडणीवरचा माझा खरा आक्षेप. ती प्रत्येक दुव्याला एकटा मानते. ए. एन. जेंट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस येथेच, ॲक्रन विद्यापीठात, रबर वेगवेगळ्या द्रावकांत फुगवून स्थिरांक मोजले. दुवा खरोखर एकटा असता तर द्रावकाने फार तर सरासरी अपवर्तनांकाचा हिशेब बदलला असता. प्रत्यक्षात द्रावकाच्या रेणूचा आकार महत्त्वाचा ठरतो: कार्बन टेट्राक्लोराइडसारखा गोलसर रेणू स्थिरांक खाली आणतो, लांबोळा रेणू तसे करत नाही. याचा अर्थ शेजारचे दुवे एकमेकांना समांतर राहण्यास थोडी मदत करतात आणि गोल रेणू मध्ये शिरले की ती मदत तुटते. पुढे बी. डेलोश आणि ई. टी. सॅमुल्स्की यांनी १९८१ मध्ये ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) चुंबकीय अनुनादाने दाखवले की ताणलेल्या जाळ्यात शिरलेले द्रावकाचे सुटे रेणूसुद्धा ताणाच्या दिशेला किंचित कलतात, जरी ते जाळ्याला कोठेही बांधलेले नसतात. म्हणून तक्त्यातल्या स्थिरांकावरून एका दुव्याचा विषमदिक्पणा काढताना सावध राहिले पाहिजे. त्यात शेजाऱ्यांचा वाटा मिसळलेला असतो.

ध्रुवरेषा

अनुमेय यांचा आक्षेप मान्य, आणि तो मूळ मुद्द्याला पुष्टीच देतो. शेजाऱ्यांचा वाटाही शेवटी रेणूच्या आकारावरच ठरतो. मात्र प्रतिबल आणि द्विअपवर्तन यांचे प्रमाण या शेजारधर्माने मोडत नाही, फक्त प्रमाणाचा आकडा बदलतो, एवढे नमूद करून ठेवतो.

सप्तरंगी

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात हे दाखवायचे असेल तर कोणता पदार्थ घ्यावा? सिलिकोनची पट्टी घेतली तर फक्त करडी दिसते, हे आता समजले. फुगा चालेल का?

ध्रुवरेषा

फुगा रंगवलेला असतो आणि त्यातील भरद्रव्य प्रकाश विखुरते, म्हणून तो टाळावा. शिवणकामाच्या दुकानात पारदर्शक पॉलियुरेथेन इलॅस्टिक मिळते, ते उत्तम; ताणले की रंग स्पष्ट येतात आणि सोडले की जवळजवळ पूर्ण जातात. घट्ट जिलेटिनचा जाड ठोकळा बोटाने दाबला तरी रंग दिसतात. पॉलिथिनच्या पिशवीची पट्टी ताणून रंग दिसतील, पण ती पट्टी परत आखडत नाही, त्यामुळे जाळ्याचे उदाहरण म्हणून ती वापरू नये. ध्रुवक म्हणून एलसीडी पडद्याची पांढरी खिडकी आणि ध्रुवक भिंगांचा गॉगल पुरेसा आहे. गॉगल फिरवून पडदा काळा करून घ्यावा आणि मग पट्टी त्या स्थितीशी तिरकी धरावी.

जलबिंदू

पुण्यातील एका प्रयोगशाळेत आम्ही सिलिकोन रबराच्या, म्हणजे पॉलिडायमिथिलसिलॉक्सेनच्या, सूक्ष्म नळ्यांत पेशी वाढवतो आणि भिंतींवरील प्रतिबल प्रकाशाने मोजण्याचा विचार आहे. त्याचा स्थिरांक इतका लहान का, आणि ३७ अंशांना खोलीच्या तापमानाचा आकडा वापरला तर चालेल का?

अनुमेय

लहान असण्याचे कारण रेणूतच आहे. कण्यातील सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचा लांबीच्या दिशेचा वाटा आणि बाजूच्या मिथिल गटांचा आडवा वाटा हे जवळपास तुल्यबळ आहेत, आणि स्थिरांक म्हणजे त्यांची वजाबाकी. जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी नेहमीच नाजूक असते: कोणत्याही एकीत थोडा फरक पडला की उत्तर बरेच हलते.

तापमानाचा प्रश्न यातूनच उद्भवतो. या साखळीत सिलिकॉनवरचा बंधकोन सुमारे ११० अंशांचा, तर ऑक्सिजनवरचा सुमारे १४३ अंशांचा असतो. दोन कोन असमान असल्यामुळे साखळीची सर्वांत कमी ऊर्जेची ठेवण सरळ न जाता स्वतःकडे वळत जाते. तापमान वाढले की इतर ठेवणींचे प्रमाण बदलते आणि ती नाजूक वजाबाकीही बदलते. म्हणून सिलिकोनचा स्थिरांक तापमानाबरोबर साध्या व्यस्त प्रमाणापेक्षा बराच वेगाने घटतो. तुमच्या कामात ३७ अंशांनाच, तुमच्याच मिश्रणाच्या पट्टीवर, ज्ञात वजने टांगून अंशांकन करावे. त्याला अर्धा दिवस पुरेल, आणि तक्त्यातील आकड्यावर विसंबण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

अपर्णक

धाग्यात द्रव-स्फटिकी जाळ्यांचा (ज्यांतले ताठ गट आपोआप समांतर रचले जातात अशा रबरांचा) उल्लेख कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटले. ‘शेजारी एकमेकांना समांतर ठेवतात’ हीच गोष्ट तेथे टोकाला गेलेली असते. पी. जी. द जेन यांनी १९७५ मध्ये अशा जाळ्यांची कल्पना मांडली आणि एच. फिंकेलमान यांच्या गटाने १९८१ मध्ये ती तयार केली. साखळीला बाजूने कांडीसारखे ताठ गट जोडलेले असतात. न ताणलेली पट्टी दुधासारखी अपारदर्शक असते, कारण कांड्या लहान लहान क्षेत्रांत समांतर असतात, पण प्रत्येक क्षेत्राची दिशा वेगळी असते आणि सीमांवर प्रकाश विखुरतो. ताणले की सगळी क्षेत्रे एका दिशेला वळतात आणि पट्टी स्वच्छ पारदर्शक होते. तेथे द्विअपवर्तन ०.१ च्या घरात जाते, तर वरच्या उदाहरणातील रबरात ते ०.००२ होते. अशा पट्टीला प्रतिबल-प्रकाशीय स्थिरांक लावण्यात अर्थ नाही, कारण कल आधीपासून तयारच असतो आणि ताण त्याला फक्त दिशा देतो.

कांड्या मळसूत्राप्रमाणे रचल्या तर आणखी गंमत होते. मळसूत्राच्या अक्षावरून पाहिल्यास ठरावीक रंग परावर्तित होतो, आणि पट्टी ताणली की ती पातळ होऊन मळसूत्राचा आटा आवळतो व रंग निळ्याकडे सरकतो. अशा पट्टीत रंजक मिसळून, ताणून रंग बदलता येणारा आरशांविना लेसर २००१ मध्ये दाखवला गेला आहे.

साचेकार

सांगितल्याप्रमाणे एका भिंगाचा गेटजवळचा तुकडा तापवून पाहिला. तो प्रवाहाच्या दिशेने चांगलाच आखडला. म्हणजे आमच्याकडे गोठलेला कलच जास्त आहे. आता प्रश्न पदार्थ बदलण्याचा आहे. ॲक्रिलिकमध्ये हे रंग जवळपास दिसत नाहीत, परंतु अगदी बारीक मोजणीत तेही निर्दोष नाही. दोन्ही भाग शून्य असतील असा पदार्थ तत्त्वतः शक्य आहे का?

ध्रुवरेषा

शक्य आहे, आणि करूनही झालेला आहे. ॲक्रिलिक, म्हणजे पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट, यात कण्याचा आणि बाजूच्या एस्टर गटाचा वाटा एकमेकांना जवळजवळ खोडतात, म्हणून त्याचे दोन्ही आकडे लहान आणि उणे आहेत. जपानमधील केओ विद्यापीठात यासुहिरो कोइके यांच्या गटाने हे उरलेले उणेपण धन चिन्हाच्या एकवारिकाने (साखळी ज्यापासून बनते त्या लहान रेणूने) भरून काढले. मिथिल मेथॅक्रिलेटमध्ये बेन्झिल मेथॅक्रिलेट मिसळून सहबहुवारिक (दोन्हींची मिळून साखळी) केले, तर वजनी ८२ ला १८ या प्रमाणात गोठलेल्या कलाचे द्विअपवर्तन शून्य होते. परंतु काचरूप प्रतिबलाचे द्विअपवर्तन त्या प्रमाणात शून्य होत नाही; त्यासाठी ९२ ला ८ हे प्रमाण लागते.

हे दोन आकडे वेगळे येणे अटळ होते. कल-जन्य भागात संपूर्ण दुवा वळतो, तर काचरूप भागात दुवा जागेवर असतो आणि बेन्झिलसारखा बाजूचा गट थोडा हलतो. दोन्ही हालचालींत तोच गट वेगवेगळे योगदान देतो, म्हणून त्याची एकच मात्रा दोन्हींना पुरत नाही. दोन समीकरणे असतील तर अज्ञातेही दोन हवीत; म्हणून त्याच गटाने तिसरे एकवारिक, ट्रायफ्लुओरोएथिल मेथॅक्रिलेट, घेतले आणि ५२, ४२ व ६ या प्रमाणात दोन्ही परिणाम एकाच वेळी जवळजवळ शून्यावर आणले. यात मिथिल मेथॅक्रिलेट ५२, ट्रायफ्लुओरोएथिल ४२ आणि बेन्झिल ६ टक्के.

तुमच्या भिंगांसाठी मात्र याने सगळे सुटणार नाही. ॲक्रिलिक कुळातील पदार्थ पॉलिकार्बोनेटइतका आघात आणि उष्णता सोसत नाहीत, आणि त्यांचा अपवर्तनांकही १.५८ ऐवजी १.४९ च्या आसपास असल्याने भिंगाची वक्रता नव्याने काढावी लागेल. पॉलिकार्बोनेटच ठेवायचे असेल तर गेट रुंद करून आणि मोल्ड अधिक गरम ठेवून साखळ्यांना गोठण्यापूर्वी सैल होण्यास अवधी द्यावा. ॲनीलिंगचा वेळ वाढवून तुमच्या या नगांत फारसा फरक पडणार नाही.